भीमेवर नवा टोल पूल आखताना जुन्या पुलाचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : महाराष्ट्र–कर्नाटक सीमेवर भीमा नदीवरील नव्या टोल पुलांचे नियोजन

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या महापुरात वडकबाळजवळ सोलापूर–विजयपूर महामार्ग आणि लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला, तेव्हा मोठ्या नद्यांवरील आपले पूल किती उंचीचे आणि किती भरवशाचे आहेत, हा प्रश्न सोलापुरात घरोघरी बोलला गेला. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नाशिक–सोलापूर–अक्कलकोट या ३७४ किलोमीटरच्या सहापदरी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने टोल तत्त्वावर मंजुरी दिली. हा मार्ग अक्कलकोटला थांबणारा नाही. सुरत–चेन्नई मार्गाचा तो भाग असून पुढे त्याला भीमा–कृष्णेच्या खोऱ्यातूनच दक्षिणेकडे जायचे आहे. त्याखेरीज विजयपूर, इंडी, अफजलपूर या बाजूंना जाणारी वाहतूक ज्या वेगाने वाढते आहे तो पाहता सीमेवरच्या भीमेवर रुंद, उंच आणि टोल आकारणारे नवे पूल आज ना उद्या आखले जाणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. असे पूल व्हावेत, असेच माझे मत आहे. टोललाही माझा सरसकट विरोध नाही, कारण तिजोरीतून पैसे मिळण्याची वाट पाहत राहिलो तर आणखी दोन पिढ्या पुराच्या पाण्याकडे बघत उभ्या राहतील. मात्र सार्वजनिक बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालवलेला एक सेवानिवृत्त अभियंता म्हणून एक गोष्ट मला आग्रहाने मांडायची आहे : नव्या पुलाचा टोल ज्या कागदावर ठरेल, त्याच कागदावर जवळच्या जुन्या पुलाचे भवितव्य आणि नदीकाठच्या गावांचा विनाशुल्क मार्ग ठरला पाहिजे, आणि तो कागद निविदा निघण्यापूर्वी दोन्ही राज्यांनी मान्य केलेला असला पाहिजे.

हा आग्रह कशासाठी, हे समजण्यासाठी आधी सीमेवरची भीमा कशी आहे ते पाहावे लागेल. हत्तरसंग कुडल येथे सीना भीमेला मिळते. या परिसरात आणि पुढे अक्कलकोट तालुक्याच्या कडेने बऱ्याच अंतरापर्यंत नदीचे पात्र हीच दोन राज्यांची हद्द आहे. नकाशावर ही हद्द ठळक दिसते, पण माणसांच्या व्यवहारात ती कधीच तशी नव्हती. अलीकडच्या काठावर घरात कन्नड बोलणारी गावे आहेत आणि पलीकडच्या काठावर मराठी बोलणारी. सोयरिकी दोन्हीकडे आहेत, कित्येकांचे घर एका राज्यात आणि जमिनीचा तुकडा दुसऱ्या राज्यात आहे. इंडी आणि चडचण भागातील रुग्ण सोलापूरच्या दवाखान्यांत येतात, तिकडचा शेतमाल सोलापूरच्या बाजार समितीत येतो, इकडचा ऊस गाळपाच्या हंगामात दर पाहून तिकडच्या कारखान्याला जातो. ज्यांना जवळ पूल नाही ते कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून दुचाकी नेतात, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागे बांधलेले खताचे पोते सावरत. पाणी चढले की तोही रस्ता बंद. महामार्ग आखणाऱ्याच्या कोष्टकात नाशिकहून चेन्नईला निघालेला चौदा चाकी ट्रक दिसतो, हे पोते दिसत नाही. पूल मात्र दोघांच्याही वाट्याला येणार असतो.

आता टोलच्या नियमांकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे आणि दुर्दैवाने सार्वजनिक चर्चेत त्यांचा उल्लेखही होत नाही. राष्ट्रीय महामार्गांवरील टोल २००८ च्या शुल्क नियमांनुसार आकारला जातो. एकाच मार्गावर दोन टोल नाक्यांमध्ये साठ किलोमीटर अंतर असावे, हा त्यातला नियम सर्वांना तोंडपाठ आहे, आणि पुढारी मंडळी भाषणात तोच सांगतात. पण त्याच नियमात असेही म्हटले आहे की दुसरा नाका कायमस्वरूपी पुलाच्या, बाह्यवळणाच्या किंवा बोगद्याच्या शुल्कासाठी असेल, तर तो साठ किलोमीटरच्या आतही उभारता येतो. म्हणजे नदीवरचा मोठा पूल हा साठ किलोमीटरच्या संरक्षणातून वगळलेला आहे. सोलापूर–विजयपूर रस्ता चौपदरी झाल्यावर त्यावर टोल सुरू झालाच आहे. उद्या अशा एखाद्या मार्गावर मोठा पूल स्वतंत्र प्रकल्प म्हणून आला, तर ‘इतक्या जवळ दुसरा नाका कसा?’ असे विचारण्याची सोय नियमाने ठेवलेली नाही.

दुसरी तरतूद त्याहून महत्त्वाची आहे. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना टोल नाही, हे खरे आहे. परंतु सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना त्या टोलच्या मार्गावर येताच येणार नाही, आणि दुचाकीस्वार त्या मार्गावर आलाच तर त्याच्याकडून मोटारीच्या निम्मा टोल घेता येईल, असेही त्याच नियमात लिहिले आहे. स्थानिकांना मिळणाऱ्या मासिक पासचेही असेच आहे. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्या खासगी वाहनधारकाला सवलतीचा पास मिळतो. नियमातील मूळ रक्कम दीडशे रुपये असून ती दरवर्षी वाढत जाते. पण पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर हा पासही नाकारता येतो.

या दोन वाक्यांचा नदीकाठी काय अर्थ होतो, ते पाहा. नवा पूल झाला आणि जवळचा जुना, अरुंद, कमी उंचीचा पूल तसाच उभा राहिला, तर कागदोपत्री तो ‘पर्यायी रस्ता’ ठरतो. मग उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर नव्या पुलावर चढू शकत नाही, आणि गावकऱ्याला पासवर हक्क सांगता येत नाही. हाच जुना पूल पुढे दुरुस्तीअभावी धोकादायक ठरवून अवजड वाहनांना बंद झाला, किंवा पावसाळ्यात पाण्याखाली गेला, तर ट्रॅक्टरवाल्याने कुठून जायचे? नवा पूल त्याच्यासाठी नियमाने बंद आणि जुना पूल फलकाने बंद. ट्रकला, मोटारीला, खासगी आरामबसला ही अडचण कधीच येणार नाही. ती येईल ती फक्त नदीच्या दोन काठांवर जगणाऱ्या माणसाला. म्हणून माझे म्हणणे असे की जुन्या पुलाला पर्याय म्हणायचे असेल तर तो वर्षाचे बारा महिने, ठरलेल्या वजनक्षमतेसह चालू ठेवण्याची लेखी जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे. आणि ती घ्यायची नसेल, तर त्याला पर्याय न म्हणता ट्रॅक्टर व दुचाकीसाठी नव्या पुलावरच कठड्यापलीकडे स्वतंत्र मार्गिका दिली पाहिजे.

ऑगस्ट २०२५ पासून मोटारींसाठी तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास मिळू लागला, त्यामुळे स्थानिकांचा प्रश्न सुटला असे काही जण म्हणतात. तो पास चांगला आहे. पण तो खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. भाजीचा टेम्पो, दुधाची गाडी, वडापची जीप यांना तो लागू नाही, आणि रोज पूल ओलांडून परत येणाऱ्याच्या दोनशे फेऱ्या शंभर दिवसांत संपतात.

दोन राज्यांच्या मधल्या नदीवर टोलचा पूल आखताना हे प्रश्न आधी सोडवता येतात का? अमेरिकेतील एका चालू प्रकल्पाचे उदाहरण देतो. ते देताना मला थोडा संकोच वाटतो, कारण परदेशी दाखले आपल्याकडे फार लवकर दिले जातात आणि बहुधा रुंदी व चकचकीतपणा यांपुरतेच दिले जातात. ओहायो नदीच्या एका काठावर इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल हे शहर आहे आणि दुसऱ्या काठाकडे केंटकी राज्यातील हेंडरसन. दोहोंना जोडणारे शेजारी शेजारी दोन पूल आहेत, एक १९३२ चा आणि दुसरा १९६५ चा. आता तेथून आय-६९ हा देशव्यापी महामार्ग जाणार असल्याने त्यासाठी नवा चौपदरी पूल आखण्यात आला, आणि पैसा उभा करण्यासाठी त्यावर टोल घ्यायचे ठरले. २०१८ च्या अखेरीस जो पर्यावरणीय मसुदा लोकांपुढे ठेवला गेला, त्यात विचाराधीन मार्गांपैकी मधल्या मार्गाचे दोन पर्याय जवळजवळ एकसारखे होते. रेषा तीच, पूल तोच. मुख्य फरक इतकाच की एका पर्यायात नव्या पुलाबरोबर जुन्या पुलावरही टोल होता आणि दुसऱ्यात फक्त नव्यावर. टोल कुठे घ्यायचा हा प्रश्न त्यांनी ठेकेदाराचा किंवा पुढच्या अधिसूचनेचा मानला नाही, तर आखणीचाच भाग मानला. २०२१ मध्ये अंतिम निर्णय झाला तो असा : टोल फक्त नव्या पुलावर, स्थानिकांसाठी १९३२ चा पूल विनाशुल्क चालू, आणि दुसरा पूल काढून टाकायचा. आधीच्या दोन पुलांपैकी अधिक जुना राखला आणि १९६५ चा पाडायचे ठरले, याचे वाचकांना नवल वाटेल. पण जुन्या पुलाला ऐतिहासिक वास्तूचे मोलही होते, ते त्यांनी हिशेबात धरले.

याच ओहायो नदीवर, वरच्या अंगाला, लुईव्हिल येथे याआधी झालेला प्रयोगही बोलका आहे. तेथे डिसेंबर २०१६ च्या अखेरीस तीन पुलांवर टोल सुरू झाला. त्यांतला एक पूल १९६३ चा, म्हणजे आधीपासून फुकट वापरला जाणारा होता. नाके नाहीत, रांगा नाहीत, कॅमेऱ्याने आकारणी होते. मिळणारा टोल केंटकी आणि इंडियाना ही राज्ये निम्मा निम्मा वाटून घेतात. हिशेब चोख आहे. पण शहरात टोल नसलेले आणखी दोन पूल होते, आणि टोल सुरू होताच मोठ्या संख्येने वाहने तिकडे वळली. मधल्या टोल पुलांवरची वर्दळ खूपच घटली. माणसाचा हा स्वभाव सोलापूरचा ट्रकचालकही जाणतो. नाका चुकवणारा रस्ता ज्याला ठाऊक नाही असा चालक मला अजून भेटायचा आहे. भीमेवरही हेच होणार. नव्या पुलावर टोल आणि दहा-पंधरा किलोमीटरवर जुना पूल फुकट, अशी स्थिती आली की भरलेले ट्रक रात्री जुन्या पुलावरून जातील, आणि ज्या पुलाला आपण ‘स्थानिकांचा’ म्हणू तोच अतिभाराने खचत जाईल. तेव्हा जुन्या पुलावर उंची रोखणाऱ्या कमानी बसवायच्या, की वजनकाटा ठेवायचा, की वेळेचे बंधन घालायचे, हे आधी ठरवावे लागेल. उंचीच्या कमानीने उसाने भरलेली ट्रॉलीही अडते, हे ठरवणाऱ्याने विसरू नये.

जुन्या पुलाची आठवण सर्वांना तो पडल्यावरच होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यानंतर तेथे नवा पूल काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत उभा राहिला, म्हणजे इच्छा असली की आपल्याकडे कामे किती लवकर होतात तेही दिसले. बैल गेला आणि झोपा केला, इतकेच. ९ जुलै २०२५ रोजी गुजरातमध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. तो काही ब्रिटिशांचा नव्हता, १९८५ चा होता. तेव्हा जुने बांधकाम भक्कम आणि नवे कच्चे, किंवा याच्या उलट, असली ढोबळ मते सोडून द्यावीत. पूल टिकतो तो तपासणीने आणि दुरुस्तीने. बेअरिंग कधी बदलली, सांध्याची पट्टी उखडून पाणी खाली झिरपते का, पाणी वाहून नेणारे नळ मातीने बुजले आहेत का, पायाभोवतीची वाळू किती खाली गेली आहे, या चार-पाच नोंदी दर पावसाळ्याआधी आणि नंतर व्हायला हव्यात. भीमेच्या पात्रात वाळूचा उपसा किती आणि कसा चालतो, हे सोलापूरकरांना मी वेगळे सांगायला नको. खांबाच्या पायथ्याची वाळू गेली की वरचा स्लॅब कितीही जाड असला तरी उपयोग नसतो.

आंतरराज्य पुलाच्या बाबतीत या तपासणीला आणखी एक फाटा फुटतो. नवा राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाकडे, जुना पूल राज्यमार्गावर किंवा जिल्हा मार्गावर असल्याने राज्याकडे, आणि तोही अर्धा या राज्यात व अर्धा त्या राज्यात. नवा पूल झाल्यावर जुन्याची दुरुस्ती कोणाच्याच अंदाजपत्रकात सापडत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. ‘आता नवा झालाच आहे’ हे एक वाक्य कोणताही प्रस्ताव मागे ठेवायला पुरते. म्हणून नव्या पुलाच्या टोलमधूनच जुन्याच्या देखभालीसाठी ठरावीक रक्कम राखून ठेवण्याचे कलम करारात असावे, असे मी सुचवतो. अडचण सांगितली जाईल की नियमात तशी सोय नाही. सोय करारात करता येते, फक्त ती निविदेआधी करावी लागते.

निविदेआधी, या शब्दावर मी पुन्हा पुन्हा येतो, त्याला कारण आहे. टोलबाबत एकदा करार झाला की नंतर दिलेली प्रत्येक सवलत सरकारला भरपाई देऊन विकत घ्यावी लागते. मे २०१५ च्या अखेरीस महाराष्ट्रात बारा टोल नाके बंद झाले आणि त्रेपन्न नाक्यांवर मोटारी व एसटी बसना सूट मिळाली. लोकांना आनंद झाला आणि तो रास्तही होता, पण त्या सवलतीचा भार अखेर सरकारी तिजोरीवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावरच आला. कोल्हापूरकरांनी शहरातल्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलन केले तेव्हा कुठे तो गेला. भीमेच्या काठच्या एखाद्या खेड्यात कोल्हापूरएवढे बळ नाही. त्या गावाचा प्रश्न करारात आधीच सुटला नाही, तर तो नंतर सुटणार नाही.

पुलाची उंची आणि लांबी यांविषयीही थोडे लिहिणे भाग आहे, कारण टोलचा आणि पुराचा एक संबंध आहे जो सहसा ध्यानात येत नाही. महामार्गाच्या टप्प्याचा टोल काढताना पुलासारख्या बांधकामाची लांबी दसपट धरली जाते. साठ किलोमीटरच्या टप्प्यात एक किलोमीटरचा पूल असेल तर टोलसाठी लांबी एकोणसाठ अधिक दहा, म्हणजे एकोणसत्तर किलोमीटर होते. जुलै २०२५ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन, ही संख्या किंवा टप्प्याच्या एकूण लांबीची पाचपट, यांपैकी जी कमी असेल ती धरावी असे ठरले. वृत्तपत्रांत ‘पुलांवरचा टोल निम्मा’ अशा बातम्या आल्या. पण गणित मांडून पाहिले तर टप्प्याच्या चार-नवमांशाहून अधिक लांबी पूल किंवा बोगद्याची असेल, तरच या दुरुस्तीचा लाभ मिळतो. आमच्या वरच्या उदाहरणात साठची पाचपट तीनशे होते, तेव्हा एकोणसत्तर तशीच राहते. लांबच लांब उड्डाणपुलांच्या शहरांना या दुरुस्तीचा फायदा आहे. भीमेवरील पुलाला जवळपास नाही.

आता हाच पूल एक किलोमीटरऐवजी सहाशे मीटरचा केला आणि उरलेल्या चारशे मीटरवर मातीचा भराव टाकला, तर टोलची लांबी ६५.४ किलोमीटरवर येते, आणि बांधकामाचा खर्चही बराच घटतो. टोल कमी, खर्च कमी. बैठकीत सगळ्यांच्या माना डोलतील. पण नदीच्या पूरपात्रात घातलेला चारशे मीटरचा उंच भराव हा बांधासारखाच असतो. पुराचे पाणी पसरायची जागा अडली की ते वरच्या अंगाला तुंबते आणि ज्या गावांत पूर्वी कधी पाणी आले नव्हते त्या गावांत शिरते. उजनीचे दरवाजे उघडलेले, नीरेचे पाणी नरसिंहपूरला भीमेत आलेले, आणि त्यातच सीना फुगलेली, असा तिहेरी योग आला की काय होते ते ऑक्टोबर २०२० मध्ये भीमाकाठाने पाहिले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तर एकट्या सीनेने हाहाकार उडवला. तेव्हा पूरपात्रात भराव नको, तेथे खांबांवर उभे कोरडे गाळे (एरवी खालून पाणी नसलेले, पुरात पाण्याला वाट देणारे) काढावेत, त्यासाठी टोल थोडा वाढला तरी चालेल, असे मी सवलतींची एवढी मागणी केल्यानंतरही स्पष्टपणे म्हणतो. उंचीचेही तसेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतानुसार दर सेकंदाला तीन हजार घनमीटरहून अधिक विसर्ग असलेल्या नदीवर, पुराच्या सर्वोच्च पातळीपासून पुलाच्या तळापर्यंत किमान दीड मीटर जागा मोकळी हवी. एक लाख क्युसेक म्हणजे सुमारे २,८३२ घनमीटर. भीमेचा मोठा पूर ही मर्यादा सहज ओलांडतो. प्रश्न आहे तो सर्वोच्च पातळी म्हणून कोणत्या वर्षाचा आकडा घेतला जातो, हा. २०२० आणि २०२५ या वर्षांच्या खुणा अजून घरांच्या भिंतींवर, देवळांच्या पायऱ्यांवर आहेत. रंगाचा हात फिरण्यापूर्वी त्या मोजून घ्याव्यात.

आणि पूल एकटा उंच करून भागत नाही. सोलापूरहून विजयपूरला जाताना आधी वडकबाळला सीना लागते आणि मग टाकळी–धुळखेडदरम्यान भीमा. भीमेवर कितीही उंच पूल बांधला आणि सीनेवर पाणी आले, तर तो पूल फक्त पाहायला जाण्यापुरता उरतो, तोही पलीकडून. दोन्ही नद्यांवरील ओलांडे, त्यांचे जोडरस्ते आणि मधल्या ओढ्यांवरच्या मोऱ्या यांचा विचार एकत्र झाला पाहिजे. टोल घेणाऱ्याने ‘आमचा टप्पा कोरडा होता’ असे म्हणून पुराच्या दिवसांची वसुली समर्थनीय ठरवू नये.

पायी चालणाऱ्यांचा उल्लेख नियोजनात अगदीच नसतो, म्हणून तोही करतो. कोजागरीला कर्नाटकाच्या सीमाभागातून हजारो भाविक सोलापूरमार्गे तुळजापूरला पायी जातात. सिद्धेश्वराच्या यात्रेला, अक्कलकोटला, गाणगापूरला, पंढरीला जाणाऱ्यांची वर्दळ वेगळीच. ही माणसे रात्री चालतात, त्यांच्यात म्हाताऱ्या आणि लहान मुले असतात. प्रवेश-नियंत्रित मार्गावर त्यांना मज्जाव असणार आणि जुन्या पुलाला पदपथ नाही. नव्या पुलाच्या एका बाजूला जाळी लावलेला, उजेड असलेला दीड-दोन मीटरचा पदपथ दिल्याने एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा खर्च कितीसा वाढणार आहे?

जमिनीच्या मोबदल्याविषयी सुरत–चेन्नई मार्गाच्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी बरेच सांगितले आहे, ते मी येथे पुन्हा मांडत नाही. एवढेच म्हणतो की एकाच पुलाच्या दोन टोकांना, सारख्याच काळ्या जमिनीला, राज्य बदलले म्हणून वेगळा भाव मिळाला तर तो वाद पुलाआधी उभा राहील.

सार्वजनिक सुनावणीबाबत एक व्यावहारिक सूचना आहे. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेप्रमाणे सुनावणी जिल्हावार होते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. म्हणजे सोलापूर जिल्ह्यात मराठीत आणि विजयपूर किंवा कलबुर्गीत कन्नडमध्ये. येथे मात्र दोन्ही काठांवर दोन्ही भाषा वाचणारे लोक आहेत, म्हणून दोन्ही सारांश दोन्हीकडे ठेवावेत आणि शक्य तर एक संयुक्त बैठक नदीकाठच्या गावातच घ्यावी. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सभागृहात घेतली तर तिला ठेकेदारांचे प्रतिनिधी येतील, पोते घेऊन बंधारा ओलांडणारा येणार नाही. ओहायोच्या काठावर तर आणखी मजेशीर गुंता आहे. तेथील सीमा १७९२ मधील नदीच्या उत्तर काठाच्या पाणरेषेवर धरली जाते, नदी मात्र त्यानंतर सरकली. त्यामुळे एलिस पार्क हे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान नदीच्या इंडियानाकडील बाजूला असूनही केंटकीत मोडते. एवढा गुंता असूनही त्या दोन राज्यांनी पुलाचा आराखडा एकत्र बसून केला, तर आपल्याला अवघड काय आहे? पाण्याच्या वाटपावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक लवादापुढे भांडत आले आहेत आणि भांडत राहतील. पुलाच्या कामात ते भांडण आणायचे कारण नाही.

सोलापूर आणि विजयपूर या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी, तसेच दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी महामार्ग प्राधिकरणाकडे एकत्रितपणे पुढील माहिती मागावी, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती करतो : सीमेवरील भीमेवर नियोजनात असलेले पूल कोणते, त्यांच्या वीस किलोमीटरच्या परिसरातील जुने पूल कोणते, त्या जुन्या पुलांची शेवटची संरचनात्मक तपासणी कधी झाली, आणि त्यांपैकी कोणते पूल टोलच्या नियमांत ‘पर्यायी रस्ता’ म्हणून दाखवले जाणार आहेत. ही यादी प्रसिद्ध झाली तर हरकती घ्यायला गावांना निदान काही आधार मिळेल. आपल्या दैनिकाने ती मिळवून तालुकावार छापावी, म्हणजे दक्षिण सोलापूर, मंगळवेढा आणि अक्कलकोट येथील ग्रामपंचायतींना ग्रामसभेत ठराव करण्याइतका अवधी मिळेल.

आपला,
एक सेवानिवृत्त अभियंता,
विजापूर रोड, सोलापूर